निबंध वाचकाला कसा वळवतो? कागदपत्रांविना जगण्यावरच्या एका आत्मपर लेखाचं ऱ्हेटॉरिकल ॲनालिसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजी निबंधलेखन शिकवते. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये एपी इंग्लिश लँग्वेज (हायस्कूलमध्येच घेता येणारा, कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा विषय) घेतलेली मराठी मुलं आणि इथे इंग्रजीत बीए-एमए करणारे विद्यार्थी, दोघांनाही मी एक निबंध हमखास वाचायला देते. त्यावर दरवर्षी तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

निबंध कोणता, आणि तोच का?

होसे अँटोनिओ व्हार्गास या पत्रकाराचा ‘माय लाइफ ॲज ॲन अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट’. न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने तो जून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. व्हार्गास यांचा जन्म १९८१ मध्ये फिलिपीन्समध्ये झाला. १९९३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, आईने त्यांना कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी आजी-आजोबांकडे पाठवलं. ‘काका’ म्हणून सोबत दिलेला माणूस नात्यातला नव्हता. तो पैसे घेऊन माणसं पोहोचवणारा दलाल होता आणि आजोबांनी या कामासाठी ४,५०० डॉलर मोजले होते. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तिथे शिकला, पत्रकार झाला, वॉशिंग्टन पोस्टमध्ये लागला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराच्या वार्तांकनासाठी २००८ चं पुलित्झर (अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार) मिळालेल्या चमूत तोही होता. मग तिसाव्या वर्षी त्याने सगळं उघड सांगितलं.

हाच निबंध निवडण्याचं कारण असं, की इथे लिहिणं ही स्वतःच एक कृती आहे. छापून आल्या क्षणापासून लेखकाला देशाबाहेर काढता येईल, असा हा मजकूर आहे. बहुतेक आत्मपर निबंधांत लेखकाच्या हातून फार तर थोडी अब्रू जाते. इथे घर जाऊ शकत होतं.

ऱ्हेटॉरिकल ॲनालिसिस म्हणजे रसग्रहणच ना?

नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो. बोर्डाच्या परीक्षेत आपण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं लिहितो. तिथे ‘हे किती सुंदर आहे’ हे गृहीत असतं आणि ते उलगडून दाखवायचं असतं. इथे प्रश्न निराळा असतो: हा माणूस कुणाशी बोलतोय, त्यांच्याकडून त्याला काय हवंय, आणि ते मिळवण्यासाठी तो कोणती गोष्ट आधी सांगतो, कोणती मागे ठेवतो, कोणती गाळतो?

ॲरिस्टॉटलची ईथॉस, पॅथॉस, लोगॉस ही त्रयी तुम्हाला शिकवली जाईलच: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. ती उपयोगी आहे. पण एक परिच्छेद ईथॉसचा, एक पॅथॉसचा, एक लोगॉसचा असं वाटप करून लिहिलेला पेपर वाचताना मला वाईट वाटतं. एकाच वाक्यात तिन्ही काम करत असतात. व्हार्गास यांच्या लेखात तर विश्वास आणि भावना वेगळ्या करताच येत नाहीत, कारण ज्या कबुल्यांनी डोळ्यांत पाणी येतं, त्याच कबुल्यांमुळे माणूस खरा वाटायला लागतो.

वाचण्याआधी अमेरिकेचा कायदा किती माहीत असावा?

थोडा तरी हवाच. नाहीतर अर्ध्या गोष्टी निसटतात.

शाळेत त्याला कुणी कागद का मागितले नाहीत? १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालाने सरकारी शाळांना कागदपत्रं नसलेल्या मुलांना प्रवेश नाकारता येत नाही. मग नोकरीच्या वेळी एवढी घबराट का? १९८६ च्या कायद्याने लाखो लोकांना नियमित होण्याची संधी दिली, पण त्याच कायद्याने प्रत्येक मालकावर कामगाराची कागदपत्रं तपासण्याची सक्ती केली. आय-नाइन हा फॉर्म तिथून आला. व्हार्गास त्या फॉर्मवर ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण करत गेले. ग्रीन कार्डधारक म्हटलं असतं तर क्रमांक द्यावा लागला असता, म्हणून नागरिक म्हणणंच सोपं पडलं, असं ते स्वतः सांगतात. १९९६ च्या कायद्यानंतर नागरिकत्वाचा खोटा दावा ही जवळपास कायमची अडचण ठरते. लेखकाला हे ठाऊक आहे आणि तरीही तो हे लिहितो. ती ओळ वाचताना इथे थांबा.

त्याच १९९६ च्या कायद्यामुळे वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला प्रौढ माणूस देशाबाहेर पडला, तर त्याला दहा वर्षं परत येता येत नाही. २००२ मध्ये त्यांना वकिलाने हेच सांगितलं होतं: फिलिपीन्सला परत जा, दहा वर्षांची बंदी सोसा, मग अर्ज करा. ‘रीतसर अर्ज का नाही केला?’ या प्रश्नाचं लेखातलं उत्तर ते हेच.

सुरुवातीच्या प्रसंगात एवढं काय आहे?

ऑगस्टमधली पहाट. आई मुलाला उठवते, टॅक्सीत बसवते, हातात जाकीट देते. तिकडे थंडी असेल, एवढंच म्हणते, आणि तेही तागालोग भाषेत. मग विमान.

यात काय नाही ते आधी पाहा. सीमा नाही, नदी नाही, कुंपण नाही, अंधारात धावणारी माणसं नाहीत. अमेरिकन वाचकाच्या डोक्यात ‘बेकायदा’ म्हटलं की उभं राहणारं चित्रच लेखक येऊ देत नाही. त्या जागी मुलाच्या थंडीची काळजी करणारी आई येते. कुठल्याही वाचकाला ही आई ओळखीची वाटते, कायद्याची बाजू मनात तयार होण्याआधीच.

दुसरं म्हणजे, प्रसंग बारा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून येतो. त्याला जेवढं कळलं होतं तेवढंच आपल्याला कळतं. आपणही त्याच्यासोबत फसवले जातो. त्यामुळे पुढे सत्य बाहेर येतं तेव्हा आपण न्यायाधीशाच्या जागी नसतो, त्या मुलाच्या शेजारी उभे असतो. निवेदन करणारे तीस वर्षांचे पत्रकार आणि गोष्टीतला मुलगा, या दोघांना तुमच्या विश्लेषणात वेगळं ठेवा. लेखातली बरीच कारागिरी या दोघांमधल्या अंतरात आहे.

ड्रायव्हिंग लायसनच्या ऑफिसातला प्रसंग लेखाचा कणा का मानतात?

सोळाव्या वर्षी मुलगा सायकलवरून लायसनच्या ऑफिसात जातो. बरोबर ग्रीन कार्ड नेतो. खिडकीपलीकडची बाई ते उलटसुलट करून पाहते, पुढे झुकते आणि हळू आवाजात सांगते की हे खोटं आहे, इथे पुन्हा येऊ नकोस. मुलगा घरी येतो. आजोबा गॅरेजमध्ये बसून सवलतीची कुपनं कापत असतात. तिथे त्यांना तो जाब विचारतो, आणि आजोबा मान्य करतात.

मुलं या प्रसंगावर लिहिताना आजोबांच्या कुपनांवर थांबतात. घराची ऐपत त्या एका तपशिलात दिसते, हे बरोबरच आहे. आजोबा सुरक्षारक्षक होते, आजी जेवण वाढण्याचं काम करायची. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती खिडकीमागची बाई. ती सरकारी नोकर आहे. तिने पोलिसांना बोलवलं असतं तर लेख तिथेच संपला असता. ती आवाज खाली आणते. कायदा हातात असलेला एक माणूस, समोर घाबरलेलं पोर पाहून, कायदा पूर्ण न वापरण्याचं ठरवतो. पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका, शिक्षणाधिकारी, शिष्यवृत्ती देणारा उद्योजक, वर्तमानपत्रातला वरिष्ठ सहकारी, असे कितीतरी जण हेच करतात. त्या रांगेत ही बाई पहिली आहे.

आणि इथेच लेखाचा हेतू दिसतो. वाचणारा अमेरिकन नागरिक व्हार्गास यांच्या जागी कधीच नसणार, पण मदत करणाऱ्यांच्या जागी तो स्वतःला पाहू शकतो. लेखक त्याच्यासाठी ती जागा मोकळी ठेवतो.

तो स्वतःचा खोटेपणा एवढ्या तपशिलात का सांगतो? त्याने बाजू कमजोर होत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि लेखाचं मर्म याच प्रश्नात आहे.

सोशल सिक्युरिटी कार्डाची (नोकरीसाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाच्या कार्डाची) गोष्ट पाहा. खोट्या पासपोर्टवर मिळालेल्या त्या कार्डावर स्पष्ट छापलेलं होतं की सरकारी परवानगीशिवाय याच्यावर काम करता येणार नाही. आजोबा नातवाला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले, त्या मजकुरावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि प्रती काढल्या. प्रतींवर ती ओळ दिसेनाशी झाली. पुढची सगळी नोकरी, सगळी कारकीर्द त्या पट्टीवर उभी राहिली. लेखक दुकानाचं नावसुद्धा देतो. ओरेगन राज्यातून लायसन मिळवण्यासाठी काय काय केलं तेही सांगतो.

कुणी विरोधक शोधून काढील असं काहीच तो शिल्लक ठेवत नाही. कबुली देणाऱ्याने लपवलेलं दुसऱ्या कुणी बाहेर काढलं, तर आधीच्या सगळ्या सांगण्याला डाग लागतो. पत्रकाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तारखा, जागा, रकमा येतात. बातमीदाराची शिस्त त्याने स्वतःवरच वापरली आहे, जणू स्वतःच्या आयुष्यावरची बातमी स्वतः लिहितो आहे.

पण कबुलीला मर्यादाही आखलेली आहे, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण केलं ते चुकीचं आणि बेकायदा होतं, हे तो मान्य करतो. आपण इथे असणं चुकीचं आहे, हे मात्र तो कुठेही मान्य करत नाही. कृत्याची जबाबदारी तो घेतो, अस्तित्वाची माफी मागत नाही. ही रेषा पूर्ण लेखभर तो एकदाही पुसू देत नाही. तुमचा थीसिस, म्हणजे पेपरचा मुख्य दावा, शोधायचा असेल तर इथे शोधा.

मदत करणाऱ्यांबद्दल सांगताना तो अमेरिकेच्या इतिहासातल्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’चा उल्लेख करतो. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून येणाऱ्या माणसांना उत्तरेकडे आणि कॅनडापर्यंत पोहोचवणाऱ्यांचं ते गुप्त जाळं. या एका उल्लेखाने मदतनीस कायदा मोडणारे न ठरता इतिहासाने पुढे गौरवलेल्या लोकांचे वारस ठरतात. माझ्या मते लेखातली ही सगळ्यात ताणलेली जागा आहे. गुलामीतून पळणारा माणूस आणि वर्तमानपत्रात नोकरी करणारा तरुण यांच्यातलं अंतर लेखक मोजत नाही, उल्लेख करून पुढे जातो. तुम्हाला हे पटलं नाही तर तसं लिहा. निबंधावर प्रेम असलं तरी त्यातला कच्चा दुवा दाखवता येतो.

युक्तिवाद आणि आकडेवारी कुठे आहे?

थोडीच आहे. लेख लिहिला तेव्हा देशात कागदपत्रांविना राहणारे सुमारे १ कोटी १० लाख लोक होते, त्याआधीच्या दोन वर्षांत जवळपास ८ लाख लोकांना परत पाठवलं गेलं, आणि आपण कर भरत आलो, एवढंच. धोरण काय असावं, कुणाला कोणत्या अटींवर राहू द्यावं, हे लेखात नाही. परीक्षेत ‘लोगॉस भक्कम आहे’ असं लिहू नका. लेखकाने युक्तिवादाची जागा आयुष्याच्या क्रमाला दिली आहे.

लेखातला ‘तुम्ही’ कोण?

सुरुवातीच्या भागात एक जागा आहे जिथे तो वाचकाला थेट उद्देशून बोलतो. आमच्यातले काही तुमच्यासाठी स्ट्रॉबेरी तोडतात, काही तुमची मुलं सांभाळतात, काही शाळा-कॉलेजात आहेत, आणि काही तुम्ही वाचता त्या बातम्या लिहितात, असा त्याचा आशय आहे.

‘तुमची’ हा शब्द कुठे बसवलाय ते पाहा. फळ तुमच्या ताटात, मूल तुमच्या घरात, बातमी तुमच्या हातात. न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन वाचणारा वर्ग सुस्थितीतला, शिकलेला, बराचसा उदार विचारांचा. तो या प्रश्नाकडे दुरून पाहत असतो. लेखक त्याला दाखवतो की हा प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत आधीच पोहोचलेला आहे. तरीही वाक्यात आरोपाचा सूर येत नाही, कारण शेवटचा क्रम तो स्वतःवर आणतो.

त्याच सुमाराला एका वाक्यरचनेची पुनरावृत्ती आहे. कागदपत्रांविना जगणं म्हणजे काय, हे सांगणारी लागोपाठची वाक्यं एकाच सुरुवातीने येतात: सापडण्याची भीती, माणसांवर विश्वास न टाकणं, घरच्यांचे फोटो मांडून न ठेवता बुटांच्या खोक्यात ठेवणं. भीती आणि अविश्वास हे कुणीही लिहिलं असतं. बुटांचं खोकं मात्र जगलेल्या माणसालाच सुचतं, म्हणून यादी खरी वाटते.

‘मी कष्टाने नागरिकत्व मिळवीन’ या विचाराचं काय करायचं?

आजोबांनी सत्य सांगितल्यावर मुलगा ठरवतो की आपण अमेरिकन नाही अशी शंकाच कुणाला येता कामा नये. भरपूर काम केलं, भरपूर मिळवलं, तर बक्षीस म्हणून नागरिकत्व मिळेल. तो टीव्हीवरच्या मालिका पाहून उच्चार बदलतो, स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरतो, शाळेच्या वृत्तपत्रात लिहितो. आणि मग पुलित्झर मिळतं.

वरवर पाहता ही अमेरिकेची लाडकी गोष्ट आहे: घाम गाळा, फळ मिळेल. लेखक ती अर्ध्यापर्यंत मन लावून सांगतो आणि मग मोडतो. पुलित्झरची बातमी आल्यावर त्याला आजीचा फोन येतो. आजीचा पहिला प्रश्न असतो, लोकांना कळलं तर काय होईल? त्याला उत्तर सुचत नाही. तो ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडतो. कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस भीतीचा दिवस ठरतो. कष्ट पूर्ण झाले, बक्षीस आलं नाही. हा प्रसंग तुमच्या पेपरात असायलाच हवा.

तरीही एक शंका उरते, आणि स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनीही ती अनेकदा मांडली आहे. पुलित्झरवाल्याला राहू द्यावं हे पटवणं त्यातल्या त्यात सोपं आहे. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्याचं काय? गुणवत्तेवर उभी असलेली विनवणी, ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही त्यांना नकळत मागे ढकलते. लेखकाला याची जाणीव आहे असं मला वाटतं, म्हणून ‘आमच्यातले काही’ ही यादी सुरुवातीला येते. पण पुढे लेख एकाच आयुष्याचा होतो आणि ते आयुष्य असामान्य आहे.

मराठी वाचकाला हा ताण ओळखता यावा. दलित आत्मकथनांनी एका माणसाच्या तोंडून समूहाची साक्ष कशी येते हे आपल्याला १९७० च्या दशकापासून दाखवलं आहे. त्या लेखनाचं बळ ‘शिकून मोठा झालो’ यात नव्हतं. उपाशी दिवसांच्या आणि रोजच्या अपमानाच्या तपशिलात होतं. या कसोटीवर व्हार्गास यांचा लेख लावून पाहा. माझं मत असं की पांढरी चिकटपट्टी आणि बुटांचं खोकं पुलित्झरपेक्षा जास्त दूर जातात.

समलैंगिक असल्याचा भाग विषयांतर वाटतो. तो का ठेवला असेल?

तो काढला तर लेख लंगडा होईल. १९९९ मध्ये इतिहासाच्या तासाला हार्वी मिल्क या समलैंगिक राजकारण्यावरचा माहितीपट पाहिल्यावर व्हार्गास यांनी वर्गात सांगितलं की मी गे आहे. आजोबांनी काही आठवडे घराबाहेर काढलं. त्यांच्या रागामागे एक व्यावहारिक हिशेब होता: नातू अमेरिकन मुलीशी लग्न करील आणि त्याला खरे कागद मिळतील, हीच त्यांची योजना होती. आणि लेख प्रसिद्ध झाला त्या २०११ साली केंद्राचा कायदा समलिंगी विवाह मानत नव्हता, त्यामुळे पुरुषाशी लग्न करूनही ग्रीन कार्ड मिळालं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं जून २०१३ मध्ये.

म्हणजे एक गुपित उघड केल्याने दुसऱ्या गुपितातून सुटण्याची वाट बंद झाली. शिवाय वाचकाच्या मनात एक नमुना तयार होतो: या मुलाने एकदा खरं बोलून किंमत मोजली आहे, आता तो दुसऱ्यांदा तेच करतो आहे. लेखकाची विश्वासार्हता इथे पुराव्यासह वाढते.

लेख नेमका त्याच वेळी का लिहिला गेला?

वेळेचं भान हाही विश्लेषणाचा भाग आहे; ग्रीकांचा त्यासाठीचा शब्द कैरॉस. लहानपणी आलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारा ड्रीम ॲक्ट डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात (हाउसमध्ये) पास झाला आणि वरिष्ठ सभागृहात (सिनेटमध्ये) अडला. बाजूने ५५ मतं पडली, हवी होती ६०. ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये आणि अलाबामाने जून २०११ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदे केले. त्याआधी चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले होते. त्यांच्याबद्दल वाचून आपल्याला धीर आला, असं व्हार्गास लिहितात. शिवाय एक खासगी घड्याळही चालू होतं: ओरेगनचं लायसन त्यांच्या तिसाव्या वाढदिवशी, ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपणार होतं. त्याच्या थोडं आधी वॉशिंग्टन राज्याचं लायसन मिळालं आणि आणखी पाच वर्षांची सोय झाली. म्हणजे लपून राहणं अजून शक्य होतं. ती पाच वर्षं हातात आली असताना तो बोलला, हे लेखक मुद्दाम सांगतो.

आमच्या घरी सगळे म्हणतात, ‘आम्ही रांगेत उभे राहिलो, त्याने कायदा मोडला.’ मला सहानुभूती वाटत नाही. मी या लेखावर लिहू शकते का?

नक्कीच, आणि कदाचित जास्त चांगलं लिहाल. माउंटन व्ह्यूच्या आसपास, सनीव्हेल-क्युपर्टिनोत कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर आलेली, ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं थांबलेली. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार लांब आहे, आणि एच-फोरवर (एच-वनबीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेलं मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा आई-वडिलांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो. त्या घरांतला राग समजण्यासारखा आहे. मी त्याला खोटं म्हणणार नाही.

पण लेखात रांगेची गोष्टही आहे, ती वाचल्याशिवाय राहू नका. आजोबांनी आपल्या मुलीसाठी, म्हणजे व्हार्गास यांच्या आईसाठी, रीतसर अर्ज केला होता. तो करताना तिला अविवाहित दाखवलं, कारण ग्रीन कार्डधारकाला विवाहित मुलीसाठी अर्ज करता येत नाही. ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती, पण कायद्याने विवाहित होती. हे उघडकीस येऊन आपल्या मुलाचाही अर्ज अडेल या भीतीने त्यांनी मुलीचा अर्ज मागे घेतला. तो मुलगा, म्हणजे व्हार्गास यांचा मामा, १९९१ मध्ये कायदेशीरपणे आला. मुलीला पुढे पर्यटक व्हिसाही मिळाला नाही. मग तिने आपल्या पोराला पाठवलं. एकाच घरातला एक जण रांगेतून आत आला, दुसरी दारातच राहिली.

विश्लेषणात तुम्हाला लेखकाशी सहमत व्हायचं नसतं. तुमच्यासारख्या वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने काय केलं आणि ते कुठे कमी पडलं, हे दाखवायचं असतं.

‘बेकायदा’ लिहू की ‘कागदपत्रांविना’?

लेखकाचं मत मांडताना त्याचाच शब्द वापरा. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनेही एप्रिल २०१३ मध्ये माणसासाठी ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणणं थांबवलं. कृतीला मात्र बेकायदा म्हणता येतं.

नंतर काय घडलं ते पेपरात घालावं का?

एखाद्या वाक्यात, तेही उपयोगाचं असेल तर. वॉशिंग्टन राज्याने ते लायसन रद्द केलं. जून २०१२ मध्ये ओबामा सरकारने लहानपणी आलेल्यांसाठी डाका योजना आणली, पण वयाची अट ३१ वर्षांच्या आत अशी होती. व्हार्गास यांना चारच महिन्यांपूर्वी ३१ पूर्ण झाली होती. जुलै २०१४ मध्ये टेक्ससमधल्या मॅकॲलन विमानतळावर त्यांना काही तास ताब्यात घेतलं गेलं. यातून लेखातला धोका खरा होता एवढं सिद्ध होतं. लेख परिणामकारक होता हे मात्र सिद्ध होत नाही, दोन्ही मिसळू नका.

लेखाच्या शेवटाबद्दल काय लिहायचं?

शेवटाकडे तो फिलिपीन्समधल्या आईला फोन करतो. त्या पहाटेच्या आठवणीत राहिलेल्या मोकळ्या जागा त्याला भरायच्या असतात. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिने तेव्हा शिकवलं होतं: डिस्नीलँडला चाललोय म्हणून सांग.

सुरुवातीला आईची काळजी होती, शेवटी तिने शिकवलेली पहिली थाप आहे. दोन्ही एकाच सकाळच्या, एकाच प्रेमातून आलेल्या. मायेने सांगितलेल्या खोट्याचा हिशेब कुणी कसा करायचा, हे लेखक वाचकावर सोपवतो. निष्कर्ष काढत नाही, मागणी करत नाही.

थीसिसचं वाक्य कसं असावं?

‘व्हार्गास यांनी ईथॉस, पॅथॉस, लोगॉस वापरून प्रभावी लेख लिहिला आहे’ हे वाक्य कुठल्याही लेखाला चालेल, म्हणून ते कामाचं नाही. असं काही लिहून पाहा: ‘स्वतःची प्रत्येक बेकायदा कृती मान्य करून, पण आपल्या असण्याबद्दल माफी न मागता, व्हार्गास नागरिक वाचकाला न्यायाधीशाच्या जागेवरून उठवून मदतनीसाच्या जागी बसवतात.’ यात दावा आहे आणि तो खोडताही येतो. मग खिडकीमागची बाई, चिकटपट्टी, आजीचा फोन, एवढे तीन प्रसंग नीट उलगडले तरी पेपर भरतो. लेखाचा सारांश लिहिण्यात पान घालवू नका. तपासणाऱ्याने लेख वाचलेला असतो.

हीच पद्धत दुसऱ्या कशाला लावून पाहता येईल?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे; महाराष्ट्रातलेही तीन होते. त्या आठवड्यातल्या मराठी बातम्या काढून वाचा. हातकड्या दिसतात, दलालाला दिलेल्या रकमा दिसतात, पण त्या माणसांचं बोलणं एक-दोन वाक्यांत तुटक येतं, तेही वार्ताहराने निवडलेलं. ‘मी’ म्हणून चार हजार शब्द बोलण्याची संधी कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, यावर लिहिता येईल. मला असा पेपर वाचायला फार आवडेल.

माझ्या घरचीच अशी गोष्ट आहे. कॉलेजच्या अर्जासाठी मी त्यावर निबंध लिहू का?

लिहावंसं वाटणं मी समजू शकते, आणि तुमची गोष्ट सांगण्याजोगी आहे यात मला शंका नाही. पण घाई करू नका. व्हार्गास तीस वर्षांचे होते, पाठीशी नाव होतं, वकिलांशी बोलणं झालेलं होतं, आणि त्यांनी मुख्यतः स्वतःचा धोका पत्करला. तुमच्या निबंधात आई-बाबा, काका, भावंडं असतील, आणि त्यांचा धोका तुम्ही एकट्याने ठरवू शकत नाही. आधी घरच्यांशी बोला. मग इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा. कितीतरी विद्यापीठांत आणि स्वयंसेवी संस्थांत हा सल्ला फुकट मिळतो. खोटे कागद, आय-नाइन, नागरिकत्वाची चौकट यांबद्दलची एकही ओळ त्यांना दाखवल्याशिवाय पाठवू नका. तोवर निबंध वहीत लिहा, पूर्ण लिहा. वाचून घ्यायला कुणी हवं असेल तर शिक्षकाकडे कागदावरच द्या, ईमेलने नको.